नाव डूलिटल, हिशेब मोठा

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण मला शाळेत शिकवली गेली. कॉन्व्हेंटमध्ये मराठीचे तास मोजकेच, त्यामुळे ज्या काही म्हणी पदरात पडल्या त्या मी जपून ठेवल्या आहेत. (मराठी विभागात पहिल्यांदाच लिहितेय. मध्येच गाडी इंग्लिश गिअरमध्ये गेली तर सांभाळून घ्या!) तर या म्हणीच्या बरोब्बर उलटा एक माणूस आहे. त्याचं आडनाव डूलिटल, म्हणजे शब्दशः 'थोडंच करा'. आणि त्याने केलं काय? विमानांच्या शर्यती जिंकल्या, एम.आय.टी.मधून डॉक्टरेट मिळवली, डोळ्यांसमोर पडदा ओढून विमान उडवलं आणि उतरवलं, टोकियोवर बॉम्बहल्ला केला, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं आणि शेवटी खांद्यावर जनरलचे चार स्टार लावले.

'पर्ल हार्बर' हा २००१ चा सिनेमा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिला असेल. त्यात अ‍ॅलेक बाल्डविनने केलेला तो कडक ऑफिसर म्हणजे हाच जेम्स डूलिटल. सिनेमात तो भाषण देतो, विमानात बसतो, बॉम्ब टाकतो. पण त्याच्या आयुष्यातला जो भाग आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी वाचायला हवा, तो सिनेमात नाहीच!

मित्रमैत्रिणींनो, आपल्या कॉलेजात सरळसरळ दोन गट आहेत. एक 'स्कॉलर' आणि दुसरा 'डेअरिंगबाज'. स्कॉलरना वाटतं, डेअरिंगबाजांना डोकं नाही. डेअरिंगबाजांना वाटतं, स्कॉलरमध्ये दम नाही. आणि गंमत म्हणजे सैन्यातल्या शूर माणसांच्या गोष्टी सांगताना आपण सगळेच नकळत दुसऱ्या गटात जाऊन बसतो. छाती, जिगर, रक्त यावर भरभरून बोलतो. डोक्याचा उल्लेखसुद्धा नाही. माझं मत असं, की डूलिटलने ही वाटणीच खोटी ठरवली. त्याचं धाडस म्हणजे नीट मांडलेला हिशेब होता. पण हिशेब म्हटला की आणखी एक प्रश्न येतो. त्या हिशेबात कोणाला धरलं आणि कोणाला सोडलं? या लेखात मला या दोन्ही गोष्टींबद्दल बोलायचंय.

आधी थोडी ओळख. डूलिटलचा जन्म १४ डिसेंबर १८९६ चा, कॅलिफोर्नियातल्या अलामेडाचा. लहानपण गेलं अलास्कातल्या नोम या सोन्याच्या खाणीच्या गावात. उंची जेमतेम पाच फूट चार इंच. बुटका म्हणून पोरं चिडवायची, म्हणून हा बॉक्सिंग शिकला. बर्कलीला खाणकामाचा अभ्यास चालू असताना पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि १९१७ मध्ये हा सैन्याच्या विमानदलात भरती झाला. पण युरोपात लढायला जायची संधी काही मिळाली नाही. इतरांना विमान शिकवण्यातच युद्ध संपलं. एखादा वैतागून सोडून गेला असता. हा टिकला. ४ सप्टेंबर १९२२ ला फ्लोरिडाहून निघून, मध्ये फक्त एकदा टेक्सासला पेट्रोल भरून, २१ तास १९ मिनिटांत तो कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला पोचला. चोवीस तासांच्या आत अमेरिका ओलांडणारं हे पहिलं उड्डाण.

आता खरी मजा. असा नावाजलेला पायलट १९२३ मध्ये पुन्हा वर्गात जाऊन बसला. तेही एम.आय.टी.त! १९२४ ला मास्टर्स आणि १९२५ ला विमानशास्त्रात डॉक्टरेट. त्या काळी अमेरिकेत या विषयात डॉक्टरेट असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मास्टर्ससाठी त्याने काय केलं, तर फोकर बनावटीच्या लढाऊ विमानात अ‍ॅक्सिलरोमीटर बसवला आणि सूर, लूप, झटक्यात वर उचलणं अशा सगळ्या कसरती करून पंखांवर किती ताण येतो ते मोजलं. आकडा गुरुत्वाकर्षणाच्या सातपटीच्या वर गेला. कसरत करणारे पायलट तेव्हा ढिगाने होते. कागदावर पंखांचं गणित मांडणारे इंजिनिअरही होते. पण गणित मांडायचं आणि मग स्वतःच त्या पंखांवर भरवसा ठेवून वर जायचं, अशी माणसं किती? या चाचण्यांसाठी त्याला पदक मिळालं. रीडिंग घेतल्याबद्दल शौर्यपदक! आपल्याकडे काही ठिकाणी उत्तर आधी ठरवून मागून रीडिंग 'बसवतात'. कोण ते मी सांगत नाही, सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर चक्कर मारा. अशांनी या पदकाचा जरूर विचार करावा.

डॉक्टरेटचा विषय होता वाऱ्याच्या वेगातला फरक आणि विमानावर होणारा त्याचा परिणाम. त्या वेळचे जुने पायलट छातीठोकपणे सांगायचे, की वारा कुठून आहे ते आपल्याला अंगाला कळतं, वळताना सीटवर जाणवतं. डूलिटलने उड्डाणं करून तपासलं. निष्कर्ष काय, तर जमीन दिसत नसेल तर पायलटला वारा कुठून आहे हे जाणवूच शकत नाही. म्हणजे ज्याला सगळे 'अनुभव' म्हणत होते तो चक्क भास होता. आणि हे सांगणारा स्वतः देशातल्या सर्वोत्तम पायलटांपैकी एक. आपल्याच कसबाबद्दलचा गैरसमज आपणच मोजून खोडायचा, यालाही हिंमत लागते असं मला वाटतं.

याच विचाराचं फळ म्हणजे २४ सप्टेंबर १९२९ चं उड्डाण. तोपर्यंत धुकं पडलं की विमानं बंद. ढगात शिरलेला पायलट आपण सरळ जातोय असं समजत हळूहळू कलंडायचा आणि जमिनीवर आदळायचा, कारण आपल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अशा वेळी बिनधास्त खोटं सांगते. न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर गुगेनहाइम फंडाच्या पैशातून या प्रश्नावर प्रयोग चालू होते. पॉल कोल्समनने बनवलेला, थोड्याशा फुटांचा फरकही दाखवणारा उंचीमापक, स्पेरींच्या कंपनीचं कृत्रिम क्षितिज, दिशा दाखवणारा जायरो आणि जमिनीवरचा रेडिओ बीकन. ही सामग्री घेऊन डूलिटल मागच्या कॉकपिटमध्ये बसला आणि वरून पडदा ओढून घेतला. पुढे बेन केल्सी नावाचा पायलट होता, पण फक्त गरज पडली तर. उड्डाण, फेरी आणि उतरणं, सगळं डूलिटलने काट्यांकडे बघून केलं. सगळा कार्यक्रम जेमतेम पंधरा मिनिटांचा.

आज जुलैच्या धो-धो पावसात मुंबईला विमान उतरतं आणि आपण मोबाइल चालू करून 'पोचलो' असा मेसेज टाकतो. त्यामागे ही पंधरा मिनिटं आहेत. टोकियोवरच्या हल्ल्यापेक्षा या पंधरा मिनिटांनी जगाचं जास्त भलं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण सिनेमा निघाला हल्ल्यावर. असो.

१९३० मध्ये सैन्याची पूर्णवेळ नोकरी सोडून तो शेल या तेल कंपनीत गेला. तिथे त्याने हट्ट धरला, की १०० ऑक्टेनचं विमान-पेट्रोल बनवायचं. पेट्रोल इंजिनमध्ये कॉम्प्रेशन वाढवलं की जास्त पॉवर मिळते, पण ठरावीक मर्यादेपुढे मिश्रण भलत्या वेळी भडकतं आणि नॉकिंग सुरू होतं. ऑक्टेन जितका जास्त तितकी ही मर्यादा पुढे सरकते. अडचण एवढीच, की १०० ऑक्टेन पिऊन फायदा होईल अशी इंजिनंच तेव्हा फारशी नव्हती. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही त्यात कंपनीचे लाखो डॉलर घालायला लावणाऱ्या माणसाची टिंगल होणारच. झालीसुद्धा. पण पुढे सैन्याने हे इंधन घेतलं आणि १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशातली लढाई झाली तेव्हा स्पिटफायर आणि हरिकेनच्या टाक्यांमध्ये १०० ऑक्टेन होतं.

याच काळात तो शर्यतीही मारत होता. १९३२ मध्ये 'जी बी' नावाच्या पिंपासारख्या विमानातून त्याने थॉम्सन ट्रॉफी जिंकली. हे विमान इतकं बेभरवशाचं होतं, की पुढे त्याने इतर पायलटांचे बळी घेतले. डूलिटल जिंकला आणि त्यानंतर त्याने शर्यतींना रामराम ठोकला. शर्यतींमधून विमानांबद्दल शिकायचं ते शिकून झालं होतं, आता नुसता जीव जायचा बाकी होता. कुठे थांबायचं हेही हिशेबातच येतं. डेअरिंगबाजांनी ही ओळ दोनदा वाचावी!

आता तो प्रसिद्ध हल्ला. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर घाला घातला आणि अमेरिका पार हादरली. जपानच्या भूमीवर उलट वार करायचा होता, पण नौदलाची छोटी विमानं तेवढ्या लांब पोचत नव्हती आणि सैन्याची मोठी विमानं जहाजावरून उडत नव्हती. नौदलातल्या एका अधिकाऱ्याला कल्पना सुचली, की बी-२५ हे मध्यम बॉम्बर जहाजावरून उडवून पाहावं. ती उतरवण्याची जबाबदारी आली लेफ्टनंट कर्नल डूलिटलवर. इथे त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. वजन कमी करायचं म्हणून पोटाखालचा मशीनगनचा मनोरा काढला. जादा टाक्या बसवून साधारण ६४६ गॅलनची क्षमता ११४१ गॅलनवर नेली. शेपटीकडे मशीनगन नव्हत्या, तर शत्रूला फसवायला झाडूचे दांडे काळे रंगवून बसवले. महागडं गुप्त नेमयंत्र शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ते काढलं आणि त्याऐवजी वीस सेंटांत बनलेला पत्र्याचा नेमदर्शक लावला. कमी उंचीवरून त्याने काम भागलं. फ्लोरिडात जमिनीवर रेषा आखून वैमानिकांनी छोट्या धावपट्टीवरून उडायचा सराव केला. प्रत्यक्ष जहाजावरून मात्र त्यांच्यातला एकही जण आधी उडालेला नव्हता.

१८ एप्रिल १९४२ च्या सकाळी एका जपानी गस्ती बोटीने 'हॉर्नेट' हे जहाज पाहिलं. अ‍ॅडमिरल हॉल्सीने ताबडतोब उड्डाणाचा आदेश दिला. ठरल्यापेक्षा दहा तास आधी आणि १७० सागरी मैल लांबून! जपान अजून साधारण ६५० सागरी मैल दूर होता. पहिलं विमान डूलिटलचं, आणि पहिल्याला धावायला सगळ्यात कमी जागा, ४६७ फूट. तो उडाला. मागोमाग बाकीची पंधराही उडाली. टोकियो, योकोहामा, नागोया, कोबे इथे बॉम्ब पडले. पण चीनमधल्या ठरलेल्या धावपट्ट्या गाठायला इंधन पुरलं नाही. पंधरा विमानं चीनमध्ये किंवा किनाऱ्यालगत कोसळली, एक रशियात उतरलं. डूलिटलने रात्री पावसात पॅराशूटने उडी मारली आणि तो भाताच्या खाचरात पडला. दुसऱ्या दिवशी विमानाच्या अवशेषांजवळ बसून तो विचार करत होता, की सगळी विमानं गेली, आता आपलं कोर्ट मार्शल नक्की. झालं भलतंच. कर्नलची पायरी गाळून त्याला थेट ब्रिगेडियर जनरल केलं गेलं आणि १९ मे १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या उपस्थितीत 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं.

इथे बहुतेक लेख संपतात. टाळ्या, जयजयकार, पडदा. मला मात्र इथेच अडखळायला होतं.

८० जणांपैकी तिघे उडी मारताना किंवा समुद्रात बुडून गेले. आठ जण पकडले गेले, त्यातल्या तिघांना जपान्यांनी गोळ्या घातल्या आणि एक कैदेत गेला. एकूण सात. जपानमध्ये साधारण पन्नास माणसं मेली, त्यात शाळकरी मुलंही होती. आणि चीनमध्ये? ज्या शेतकऱ्यांनी, मिशनऱ्यांनी, गावकऱ्यांनी या वैमानिकांना लपवलं, खाऊ घातलं, डोलीत घालून डोंगर ओलांडून नेलं, त्यांच्या प्रांतांवर जपानी सैन्य तुटून पडलं. मे ते सप्टेंबर १९४२ मध्ये झेजियांग आणि जियांगशी या प्रांतांत गावंच्या गावं जाळली गेली, विहिरींमध्ये रोगजंतू सोडले गेले. मेलेल्यांचा अंदाज अडीच लाखांपर्यंत सांगितला जातो. मारलं जपानी सैन्याने, दोष त्यांचाच, याबद्दल शंका नको. पण असा सूड उगवला जाईल ही भीती चीनचे नेते चँग कै-शेक यांना आधीपासून होती. आणि बातमी फुटू नये म्हणून त्यांना योजनेचा पूर्ण तपशील दिलाच गेला नव्हता.

आपण नुमेरिकल सोडवताना पहिल्या ओळीत काय लिहितो? 'घर्षण नगण्य मानू.' इंधनाचा गॅलनगॅलन मोजणाऱ्या त्या योजनेत झेजियांगचा शेतकरी असाच नगण्य मानला गेला. योजना एकट्या डूलिटलची नव्हती, हे मान्य. युद्ध होतं, हेही मान्य. पण हिशेब कितीही काटेकोर असला तरी गृहीतकाच्या ओळीत जी माणसं गाळली, ती उत्तरात दिसत नाहीत. ती मरतात तेव्हाच दिसतात.

जनरल झाल्यावर तर हा प्रश्न आणखी अवघड झाला. पायलटचा हिशेब चुकला तर पायलट मरतो. जनरलचा चुकला तर दुसरेच मरतात. जानेवारी १९४४ मध्ये डूलिटल इंग्लंडमधल्या आठव्या हवाई दलाचा प्रमुख झाला. तिथल्या लढाऊ विमानांच्या मुख्यालयात एक पाटी होती. बॉम्बर सुखरूप परत आणणं हे लढाऊ विमानांचं पहिलं कर्तव्य, असा तिचा अर्थ. डूलिटलने ती पाटी बदलायला लावली. पहिलं कर्तव्य जर्मन लढाऊ विमानं नष्ट करणं! म्हणजे लढाऊ विमानांनी आता बॉम्बरना चिकटून राहायचं नाही, शत्रूला शोधत पुढे जायचं. बॉम्बरमधली पोरं भयंकर चिडली, त्यांना वाटलं की आपल्याला वाऱ्यावर सोडलं. शिवाय प्रत्येकाच्या वाट्याच्या मोहिमा त्याने २५ वरून ३० केल्या. पण जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरलं, तेव्हा वर जर्मन विमानं नावालाच होती. युद्धातला आपला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, असं तो पुढे मानत असे.

आणि १९४५ च्या फेब्रुवारीत बर्लिन शहराच्या मध्यभागावर हल्ल्याचा आदेश आला तेव्हा याच माणसाने वरिष्ठांना कळवलं, की त्या भागात महत्त्वाचं असं लष्करी लक्ष्य नाही. त्याचं ऐकलं गेलं नाही. ३ फेब्रुवारीला हल्ला झाला आणि तो केला त्याच्याच विमानांनी. आक्षेप घेणं मोठेपणाचं, हुकूम पाळणं सैनिकाचं. यातलं कुठलं पारडं जड, ते मी विसाव्या वर्षी ठरवू शकत नाही. पण जी माणसं एरवी हिशेबाबाहेर असतात, ती त्याला दिसू लागली होती, एवढं नक्की.

युद्धानंतरचं त्याचं एक काम मला म्हणूनच फार आवडतं. न्यू जर्सीत नेवार्क विमानतळाजवळ वस्तीवर लागोपाठ विमानं कोसळली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९५२ मध्ये एक समिती नेमली. अध्यक्ष डूलिटल. अहवालाचं नाव 'विमानतळ आणि त्याचे शेजारी' अशा अर्थाचं. धावपट्टीच्या टोकापुढची जागा मोकळी ठेवा, तिथे वस्ती होऊ देऊ नका, असं त्यात सांगितलं होतं. विमानात कधी न बसणारा, फक्त खाली राहणारा माणूस यात हिशेबात धरला गेला! १२ जून २०२५ ला अहमदाबादला उड्डाण घेतल्याबरोबर विमान मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलवर कोसळलं. अपघात कशाने झाला हा तज्ज्ञांचा विषय. पण मेसमध्ये जेवायला बसलेली आपल्याच वयाची मुलं त्यात गेली. 'शेजारी' या शब्दाचा अर्थ आपल्याला यापेक्षा वेगळा कोणी समजवायला नको.

डूलिटल १९५८ पर्यंत नाका या विमान-संशोधन संस्थेचा अध्यक्ष होता. तिचीच पुढे नासा झाली. १९८५ मध्ये चौथा स्टार मिळाला आणि २७ सप्टेंबर १९९३ ला, ९६ व्या वर्षी, तो घरी शांतपणे गेला. ज्याने आयुष्यभर मरणाशी गाठ घेतली तो म्हातारपणाने मेला, हीच त्याच्या हिशेबाची पावती.

तर सांगायचं एवढंच. स्कॉलरमंडळींनो, तुमचं गणित खरं आहे का ते बघायला एकदा तरी स्वतः त्या विमानात बसायची तयारी ठेवा. डेअरिंगबाजांनो, बसण्याआधी पंखांचं गणित करा. आणि आपण सगळेच उद्या पूल, धरणं, गाड्या, सॉफ्टवेअर बनवणार आहोत. तेव्हा कागदावर पहिल्या ओळीत 'नगण्य मानू' असं लिहिताना जरा थांबूया आणि विचारूया, नगण्य कोणासाठी?